चारशे कोरी अक्षरं

त्याचं खरं आडनाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच राहिलं. प्रयोगशाळेत शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्याला अदमासे म्हणत. कारण सोपं होतं. कुठलाही आकडा सांगायचा झाला की तो आधी 'अदमासे' म्हणायचा. "लिफ्टला किती वेळ लागेल हो?" "अदमासे चार मिनिटं." आणि घड्याळ लावून बसावं तर चारच. त्यामुळे त्याच्या अदमासेला मोजमापाचा मान होता, आणि त्याला स्वतःला त्याचा थोडा माजही होता. थोडाच. अंगावर शोभेल इतपत.

त्याचं काम नोंदी सांभाळायचं. मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर रक्त-लघवी तपासायची ही प्रयोगशाळा. रोज अदमासे बाराशे माणसं दंडाला कापूस दाबून बाहेर पडत. त्यांच्या सगळ्या तपासण्यांच्या नोंदी एका सर्व्हरवर, आणि तो सर्व्हर अदमासेच्या खोलीत. सर्व्हरला गारवा लागतो म्हणून खोलीत बारा महिने थंडी. अदमासेच्या अंगात बारा महिने राखाडी स्वेटर. बाहेर अंगाची लाही होत असताना हा माणूस स्वेटर घालून कॅन्टीनमध्ये शिरला की कोणीतरी हमखास म्हणायचं, "घ्या, हिवाळा आला."

तो हसायचा. हसणारा माणूस होता. घरी शिवणकाम करणारी बायको, शाळेत जाणारी मुलगी, दोन खोल्या, एक गॅलरी. सगळं मापात बसलेलं. आयुष्यात एकच आकडा त्याचा चुकला होता, आणि तो मात्र भर चौकात चुकावा तसा चुकला होता.

सहा वर्षांपूर्वी हा सर्व्हर आला, तेव्हा डिस्क केवढी घ्यायची ते अदमासेनेच सांगितलं होतं. त्या काळी सर्व्हरची डिस्क आजच्या खिशातल्या फोनपेक्षा लहान असायची, आणि मागवली की यायला आठ महिने. अदमासेने हिशोब मांडला आणि सांगितलं, "अठरा जीबी घ्या. दहा वर्षं बघायला नको." सगळ्यांनी मान डोलावली. आणि सहाव्या वर्षी एका मंगळवारी सकाळी दहा वाजता, ऐन गर्दीत, पडद्यावर अक्षरं आली: जागा शिल्लक नाही. पुढची नोंद घेईना. माणसांची रांग जिन्यापर्यंत गेली. दुपारपर्यंत निकालाच्या चिठ्ठ्या हाताने लिहाव्या लागल्या. अदमासेने जुनं किडूकमिडूक पुसून कशीबशी जागा केली, पण तोंड दाखवायला जागा राहिली नाही. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये हिवाळ्याचा विनोद कोणी केला नाही, ते त्याला जास्त लागलं.

नवा सर्व्हर मागवायचा ठरलं, तेव्हा प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंनी त्याला बोलावलं. बाई दोन वर्षांपूर्वी आलेल्या, बोलायला सरळ. टेबलावर चिठ्ठ्यांचा गठ्ठा, हातात प्रयोगशाळेचा शिक्का, बशीएवढा गोल. शिक्का मारता मारताच त्या बोलत होत्या.

"अदमासे, मागच्या वेळी दहा वर्षं म्हणालात. सहात आटोपलं."

"हो मॅडम."

"का आटोपलं?"

अदमासेने स्वेटरची बाही खाली ओढली.

"हेच मला कळायला हवं," बाई म्हणाल्या. ठप्प. "आजची डिस्क कशाने भरली ते मला कागदावर जुळवून दाखवा. जुळलं तर तुमच्या नव्या आकड्यावर डोळे मिटून सही करते." ठप्प. "नाही जुळलं तर नोंदी बाहेरच्या कंपनीकडे जातील. त्यांची माणसं मागे लागलीच आहेत. तुम्हाला भांडारात टेबल देऊ. शुक्रवारपर्यंत सांगा."

भांडार म्हणजे काचनळ्या आणि कापसाचे गठ्ठे. वाईट जागा नव्हती. खिडकी होती, ऊन यायचं. पण वीस वर्षं ज्या नोंदींना त्याने पोरासारखं सांभाळलं, त्या कोणा परक्याच्या ताब्यात जाणार, ही कल्पनाच त्याच्या घशाखाली उतरेना.

तो कागद घेऊन बसला. हे काम त्याच्या आवडीचं. डेटाबेस म्हणजे त्याच्या लेखी कप्प्यांचं कपाट. एक तपासणी म्हणजे एक नोंद, आणि एका नोंदीत ठरलेले रकाने: माणसाचा क्रमांक, तपासणीचा क्रमांक, तारीख, निकाल. हे रकाने डब्यासारखे. भरा नाहीतर रिकामे ठेवा, जागा तेवढीच. शेवटचा शेरा मात्र पिशवीसारखा, जेवढं भराल तेवढा फुगणारा. डब्यांची मापं त्याला पाठ होती, सगळे मिळून एकशे अडतीस अक्षरं. पिशवीसाठी त्याने पाचशे छापील चिठ्ठ्या काढून शेऱ्यातली अक्षरं एकेक करून मोजली. सरासरी बावीस. म्हणजे एका नोंदीला एकशे साठ अक्षरं. नोंदी पावणेदोन कोटी. गुणाकार केला. पटकन सापडावं म्हणून ठेवलेल्या इंडेक्सची जागा त्यात मिळवली. पानापानावर सुटणारी मोकळी जागा मिळवली. बाकीची बारीकसारीक टेबलं मिळवली.

आलं सहा जीबी.

सर्व्हरला विचारलं. सर्व्हर म्हणाला तेरा. अठरातलं उरलेलं पाच सर्व्हरच्या स्वतःच्या कारभाराचं, त्याचा प्रश्न नव्हता.

पुन्हा मांडलं. पुन्हा सहा. बुधवारी सकाळी नव्या कागदावर, नव्या पेनाने मांडलं. सहाच. सात जीबी कुठे गेलं, त्याचा पत्ता नाही. त्याला वाटलं, काहीतरी 'घसारा' म्हणून लिहून द्यावं, दुपटीने गुणावं आणि मोकळं व्हावं. मागच्या वेळी त्याने असंच थोडंसं ठोकून दिलं होतं, ही गोष्ट तो सोडून कोणालाच माहीत नव्हती. पण बाई 'का' विचारणार. आणि 'का'ला दुपटीने गुणता येत नाही.

संध्याकाळी घरी आला तेव्हा बायको गणवेशांच्या ढिगात बसली होती. एका शाळेचे साठ शर्ट शिवायचे होते. मशीनचा पाय थांबवून तिने त्याच्याकडे बघितलं.

"अहो, चेहरा का असा? कोणी मेलंबिलं का?"

"सात जीबी हरवलंय."

"बाबांचं काय हरवलं?" मुलगी आतून ओरडली.

"काही नाही गं, तू अभ्यास कर." तो खुर्चीत बसला आणि बायकोला सगळं सांगितलं. बाई, शुक्रवार, भांडार, सहा आणि तेरा. ती दोरा ओवता ओवता ऐकत होती. तिला जीबी कळत नव्हतं, पण कापड कमी पडणं म्हणजे काय, ते तिच्याइतकं कोणाला कळणार?

"मला सांगा," ती म्हणाली, "एका नगामागे किती जास्त गेलं?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! साठ शर्टांना अंदाजापेक्षा सहा मीटर कापड जास्त गेलं, तर मी आधी काय बघणार? एका शर्टामागे दहा सेंटीमीटर. आता ते दहा सेंटीमीटर सगळ्या शर्टांत सारखं गेलंय, की एकाच शर्टात वाट लागलीये? तुम्ही आपले ढिगाकडे बघत बसलात. एक नग हातात घ्या."

अदमासेने पाकिटाच्या मागे भागाकार केला. सात जीबी म्हणजे सातशे कोटी अक्षरं. भागिले पावणेदोन कोटी. उत्तर आलं चारशे. तिने मान वाकडी करून बघितलं.

"एवढा गुळगुळीत आकडा? मग ही गळती नाही. गळती वेडीवाकडी असते. हे कोणीतरी माप धरून घातलंय."

"पण मी चिठ्ठ्या मोजल्या की! पाचशे. एकेक अक्षर बोट ठेवून मोजलं."

"वरून मोजल्या." तिने मांडीवरचा शर्ट उचलला आणि त्याच्या नाकासमोर धरला. "हा किती लांब?"

"अदमासे पासष्ट सेंटीमीटर."

"आणि कापड किती लागलं?" तिने शर्टाचा घेर उलटा केला. आत चांगली चार बोटं मुडप होती. "पोरं वाढतात म्हणून आत दुमडून ठेवते मी. वरून दिसते का ही? तुमच्या चिठ्ठ्या उलट्या करून बघा."

अदमासे त्या मुडपीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तू आमच्याकडे नोकरीला ये."

"आणि हे साठ शर्ट काय तुम्ही शिवणार? बटणं लावा बघू आता, हात रिकामे आहेत तर."

त्याने एकोणीस शर्टांना बटणं लावली. त्यातली दोन तिने उसवली.

गुरुवारी तो आठच्या ठोक्याला खोलीत होता. स्वेटर घातला आणि चिठ्ठ्यांना हातच लावला नाही. सरळ सर्व्हरलाच विचारलं: शेऱ्याच्या रकान्याची सरासरी लांबी किती? सर्व्हरने क्षणभर घरघर केली आणि उत्तर दिलं, चारशे बावीस.

अदमासेची कानशिलं गरम झाली. त्याने एकच नोंद काढली. शेऱ्याच्या आधी एक चांदणी आणि शेवटी एक चांदणी छापायला सांगितली, म्हणजे रकाना कुठे सुरू होतो ते दिसेल. पडद्यावर चांदणी आली. तिच्यापुढे काहीच नाही. एक ओळ काहीच नाही, दुसरी ओळ काहीच नाही. ऐंशी घरांच्या पाच ओळी कोऱ्या करकरीत. सहाव्या ओळीवर 'सर्व ठीक', आणि मग दुसरी चांदणी. त्याने आणखी दहा नोंदी काढल्या. शंभर काढल्या. सगळ्यांच्या कपाळी त्याच पाच कोऱ्या ओळी. ऐंशी पाचे चारशे. कागदावर जे छापताना नुसतं कोरं दिसतं, ते सर्व्हरच्या लेखी अक्षरच असतं. कोरी जागाही जागा खाते. हे तो नव्या माणसांना पहिल्या दिवशी शिकवायचा. आणि स्वतः मात्र कागदावर बोट ठेवून फक्त काळी अक्षरं मोजत बसला होता.

तो उठला आणि टायपिंगच्या खोलीत गेला.

तिथे तिघीजणी बसत. बहिणी नव्हत्या, पण वयाच्या उतरणीने बसत म्हणून सगळे त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणत. तो थोरलीच्या मागे जाऊन उभा राहिला. तिने क्रमांक टाकला, निकाल टाकला, शेऱ्यावर आली आणि अंगठा स्पेसबारवर ठेवून दाबून धरला. धरला तो धरलाच. कर्सरची टिकली पडद्यावर सरसर सरकत होती आणि थोरली मधलीकडे वळून आरामात सांगत होती, "मग मी जावेला म्हटलं, भांडी तुझी, कपाट तुझं, मग कुलूप माझ्या नावाने का?" पाच ओळी संपल्या. मान न वळवता तिला ते कळलं. अंगठा उचलून तिने 'सर्व ठीक' टाइप केलं.

"हे काय?" अदमासेने विचारलं.

"अगं बाई! केवढ्यांदा दचकवलंत, अदमासेभाऊ! काय काय?"

"हे कोरं. आधी पाच ओळी कशाला सोडता?"

तिघींनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्याने श्वास कशाला घेता असं विचारलं.

"शिक्क्याला," धाकटी म्हणाली.

"मॅडमचा शिक्का तिथे बसतो ना," मधली म्हणाली. "जागा सोडली नाही तर शेऱ्यावर बसतो. मग चिठ्ठी परत येते. एंटर मारून खाली जावं म्हटलं, तर नोंद जतन होऊन पुढची येते. मग स्पेसच दाबायचं. आधीच्या डॉक्टरांच्या वेळेपासून, आम्ही आलो तेव्हापासून असंच आहे."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंत कधी?" थोरली म्हणाली. "सहा वर्षांत अकरा कीबोर्ड बदलून दिलेत आम्हाला. अकराच्या अकरांचा स्पेसबार गेलेला. एकदा तरी म्हणालात, बाई गं, हाच का जातो?"

अदमासेने कपाळावर हात मारला. अकराही कीबोर्डांच्या कागदांवर त्याचीच सही होती. कारणाच्या रकान्यात त्याने अकरा वेळा लिहिलं होतं: 'वापरून झिजला'.

"आमचं काही चुकलं का?" धाकटीने घाबरून विचारलं.

"नाही गं," तो म्हणाला, आणि त्याला एकदम हसू फुटलं. बुधवारपासून छातीवर बसलेला धोंडा कोणीतरी उचलून बाजूला ठेवला असं वाटलं. "तुम्ही तिघींनी मिळून सात जीबी कोरं टाइप केलंत. जगात कोणी केलं नसेल."

"मग चहा पाजा," थोरली म्हणाली.

त्याने पाजला.

दुपारभर बसून त्याने नवा हिशोब मांडला, आणि तिथे नवा पेच पडला. वर्षाच्या तपासण्या सरासरी तिप्पट होणार हे धरून आठ वर्षं पुरायला हवी. कोऱ्या ओळी पुढेही पडत राहिल्या तर बहात्तर जीबी. थांबल्या आणि जुन्याही गाळून टाकल्या तर छत्तीस. आता यातला कुठला आकडा द्यायचा? बहात्तर सांगावं तर अर्धी डिस्क हवा भरायला घ्यायची. छत्तीस सांगावं आणि थोरलीचा अंगठा थांबला नाही, तर पुन्हा एखाद्या मंगळवारी जिन्यापर्यंत रांग. त्याने दोन्ही आकडे कागदावर लिहिले. खोट्याची एक पै त्यात नव्हती.

शुक्रवारी बाईंच्या खोलीत तो तिघींनाही घेऊन गेला. बाई शिक्के मारतच होत्या.

"जुळलं?"

"जुळलं, मॅडम. सहा जीबी नोंदींचं आणि सात जीबी शिक्क्याचं."

बाईंचा हात हवेत थांबला.

त्याने कागद पुढे सरकवला आणि समजावून सांगितलं. मुडपीसकट सांगितलं, बायकोचं श्रेय खिशात घालणारा माणूस तो नव्हता. बाई ऐकत होत्या. मग त्यांनी समोरची एक चिठ्ठी उचलून निरखली.

"म्हणजे या माझ्यासाठी जागा सोडतात?"

"हो ना मॅडम," थोरली म्हणाली. "तुम्ही वर मारता म्हणून आम्ही सोडतो."

"अहो, पण तुम्ही वर जागा सोडता म्हणून मी तिथे मारते!" बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "मी आले त्या दिवशी बघितलं, वर एवढी जागा कोरी. म्हटलं, इथली पद्धत असेल. मला काय, खाली मारला तरी चालतो. खाली तर अर्धा कागद मोकळा आहे!"

बाईंनी चिठ्ठीचा खालचा कोरा भाग सगळ्यांसमोर धरला. मग मधलीच्या तोंडून फिस्सकन हसू निसटलं, आणि मग कोणालाच आवरेना. बाई डोळ्यांना रुमाल लावून हसत होत्या. "म्हणजे दोन वर्षं आपण एकमेकींना वाट करून देत उभ्या आहोत, आणि दारातून कोणीच जात नाही!"

"माझा अंगठा दुखतो हो रात्री," थोरली म्हणाली. "मी लसणीचं तेल लावते त्याला."

हसू ओसरल्यावर बाईंनी कागद पुन्हा हातात घेतला. "आता मला सांगा, छत्तीस की बहात्तर?"

"ते माझ्या हातात नाही, मॅडम," अदमासे म्हणाला. "तुमच्या हातात आहे. शिक्का खाली गेला तर छत्तीस."

"गेला. आजपासून गेला."

"मग चाळीस लिहितो."

"आत्ता छत्तीस म्हणालात!"

"छत्तीस नोंदींना. चार सवयीला." त्याने थोरलीकडे बघितलं. तिने नजर चुकवली. "अंगठा एका दिवसात थांबत नाही, मॅडम. मागच्या वेळी मी माणसं धरलीच नव्हती हिशोबात. नुसत्या नोंदी धरल्या, आणि वर थोडं ठोकून दिलं. ते ठोकलेलंच अंगाशी आलं." हे त्याने पहिल्यांदाच कोणाला सांगितलं होतं, आणि सांगितल्यावर त्याला वाटलं होतं तितकं ते जड लागलं नाही.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "बरं. त्या कंपनीला मी कळवते की नोंदी इथेच राहतील. लिहा चाळीस."

अदमासेने कागदाच्या माथ्यावर ठसठशीत आकड्यांत चाळीस लिहिलं. बाईंनी खाली सही केली, कागद स्वतःकडे ओढला, शिक्का शाईवर टेकवला आणि मारला. ठप्प. बरोब्बर वर. चाळीसचे दोन्ही आकडे त्या बशीएवढ्या जांभळ्या गोलाखाली गुडुप झाले.

बाईंनी शिक्क्याकडे बघितलं. मग कागदाकडे. मग अदमासेकडे.

"हे धरलं होतं का तुम्ही?"

"त्या चारात, मॅडम," अदमासे म्हणाला, आणि नवा कागद घेण्यासाठी खुर्ची पुढे ओढली.